थोर गायक कोण? निवाडा कुणाचा?

रफी थोर की किशोरकुमार, हा वाद अजून मिटलेला नाही. रफी 1980 साली गेले, किशोरकुमार 1987 साली. पण या वादात वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे ही नावे कधी येतात का?

दोघेही 2004 सालीच गेले. वामनदादा 15 मे रोजी, प्रल्हाद शिंदे 23 जूनला. वामनदादा महाकवी, यात वाद नाही. पण निव्वळ गळ्याचा निवाडा करायचा तर माझे मत प्रल्हाददादांना. वरच्या पट्टीतही न फाटणारा, मोकळा, रांगडा आवाज! विठ्ठलाची गाणी त्याच गळ्यातली आणि भीमगीतेही. माणसाला शिवू न देणाऱ्या समाजाने त्याचा आवाज मात्र देवळाच्या भोंग्यावर लावला.

तरीही हा निवाडा एकतर्फीच. प्रल्हाददादांच्या निदान रेकॉर्ड निघाल्या. आमच्या झाडीपट्टीचे काय? वडशाच्या रंगभूमीवर नट स्वतः गातो, उसना आवाज नाही. दंडारीत गाणारे, 1956 च्या चंद्रपूरच्या दीक्षेनंतर गावोगावी भीमभजने म्हणणारे, यांतले किती गळे कुणी टिपून ठेवले? कोर्टात कागद नसला की दावा बुडतो, तसेच हे झाले.

वडशाच्या नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, त्याआधी 15-16 ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर गावोगावची माणसे येतात. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे. म्हाताऱ्या गायकाला बसवा, गाऊ द्या, आणि त्याचे नाव, गाव, साल लिहून ठेवा.