जुन्या औषधांची नवी परीक्षा

जुने भांडे मोडीत काढण्यापूर्वी ते आणखी कोणत्या कामी येईल, याचा विचार आपल्याकडील गृहिणी हटकून करते. वैद्यकशास्त्राला ही काटकसर अलीकडे सुचू लागली आहे. एका रोगासाठी सिद्ध झालेले औषध दुसऱ्या रोगावर वापरून पाहावे, ही कल्पना वरकरणी सोपी वाटते. परंतु ती किती तारक आणि किती मारक ठरू शकते, हे फुप्फुसांच्या दुखापतीच्या इतिहासाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसेल.

न्यूमोनिया, रक्तातील जंतुदोष किंवा मोठा अपघात यांमुळे फुप्फुसांतील वायुकोशांची नाजूक अस्तरे झिरपू लागतात, कोश द्रवाने भरतात आणि प्राणवायू रक्तापर्यंत पोहोचेनासा होतो. १९६७ साली अमेरिकेतील ॲशबॉ, पेटी प्रभृतींनी अशा बारा रुग्णांची हकिकत 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हापासून ही व्याधी स्वतंत्रपणे ओळखली जाऊ लागली. कृत्रिम श्वसनयंत्राने रुग्णाला तगवून धरता येते. पण मूळ दाहावर रामबाण औषध पुढील अर्धशतकात सापडले नाही. म्हणूनच संशोधकांची दृष्टी जुन्या औषधांच्या कपाटाकडे वळली.

तेथे पहिला धडा कडू मिळाला. दम्यावरील साल्ब्युटामॉल शिरेतून दिल्यास फुप्फुसांतील पाणी कमी होते, असे चाळीस रुग्णांवरील एका छोट्या चाचणीत दिसले होते. आशा पल्लवित झाली. परंतु ब्रिटनमध्ये ३२६ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा औषध घेणाऱ्यांपैकी शेकडा ३४ आणि न घेणाऱ्यांपैकी शेकडा २३ दगावल्याचे उघड झाले. चाचणी मध्येच थांबवावी लागली होती. कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या स्टॅटिन औषधांच्या २०१४ मधील दोन चाचण्यांतूनही सरसकट लाभ दिसला नाही.

दुसरा धडा मात्र गोड होता. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड १९७७ सालापासून जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे आणि ते अगदी स्वस्त आहे. कोरोनाच्या साथीत ऑक्सफर्डचे पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे यांच्या नेतृत्वाखाली, सार्वजनिक पैशातून, हजारो रुग्णांवर त्याची पद्धतशीर परीक्षा झाली. औषध कोणाला द्यायचे, हे वैद्याच्या मर्जीवर नव्हे, तर चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे ठरत होते. १६ जून २०२० रोजी निष्कर्ष जाहीर झाला. श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू शेकडा ४१ वरून २९ वर आले होते. केवळ प्राणवायू लागणाऱ्यांचे २६ वरून २३ वर. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना मात्र काडीचाही लाभ आढळला नाही. याच चाचणीने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या बहुचर्चित औषधाची निरुपयोगिताही सिद्ध केली.

या निष्कर्षातील 'कोणाला द्यावे' हा भाग जितका महत्त्वाचा, तितकाच 'कोणाला देऊ नये' हाही. आपल्याकडे नेमका दुसरा भाग विसरला गेला. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत सौम्य आजारातही स्टेरॉइडे दिली गेली. त्यानंतर देशात काळ्या बुरशीचे चाळीस हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडांचा अनिर्बंध वापर यांकडे तज्ज्ञांनी बोट दाखविले. त्याच मे महिन्यात गोवा सरकारने अठरा वर्षांवरील सर्वांना आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा केली. पुराव्याआधी घोषणा, असा हा उलटा क्रम होता.

संकटकाळी हातावर हात ठेवून बसणे कोणालाही जमत नाही, हे मान्य. पण ज्या औषधाचे पेटंट संपले आहे, त्याच्या परीक्षेवर कोट्यवधी रुपये खर्चण्यात कोणत्याही कंपनीला स्वारस्य नसते. लाभ जनतेचा असेल, तर खर्चही जनतेच्या तिजोरीतूनच व्हावयास हवा. हे आपल्याला अशक्य आहे असेही नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर रक्तद्रव उपचाराची चाचणी घेतली आणि त्याचा उपयोग नसल्याचे निर्भीडपणे सांगितले. तरीही नातेवाईक पुढे कित्येक महिने रक्तद्रवासाठी वणवण करीत राहिले, ही खंत.

फुप्फुसांची ही दुखापत कोरोनापुरती मर्यादित नाही. न्यूमोनियाने आणि जंतुदोषाने ती आजही ओढवते. त्यांच्यासाठीचे औषध कदाचित एखाद्या तालुक्याच्या औषधालयात आजच पडून असेल. ते ओळखण्यासाठी शासनाने सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे जाळे अशा चाचण्यांसाठी कायम सज्ज ठेवले पाहिजे. साथ दाराशी आल्यावर विहीर खणण्यात शहाणपण नाही.