चिंचवडचा मतदार आणि न्यायासन

समाजातील एखाद्या वर्गाच्या हक्काविषयी वाद उत्पन्न झाल्यास त्याचा निवाडा न्यायासनाने करावा की मतदारांनी, हा प्रश्न वरवर पुस्तकी वाटतो. चिंचवडकरांना तो जवळजवळ चार वर्षे प्रत्यक्ष भोगावा लागला. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या लोकनियुक्त सभासदांची मुदत १३ मार्च २०२२ रोजी संपली, आणि १२८ जागांच्या त्या सभागृहाचा सारा कारभार एका सरकारी प्रशासकाच्या हाती गेला.

वाद होता इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांचा. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतील २७ टक्के जागा १९९४ पासून या वर्गासाठी राखून ठेवल्या जात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० साली अशा आरक्षणास मान्यता दिली. मात्र आयोग नेमून मागासलेपणाची पाहणी करावी, प्रत्येक संस्थेपुरते प्रमाण ठरवावे व एकंदर आरक्षण निम्म्यावर जाऊ नये, अशा अटी घातल्या. सरकारने त्या पाहणीकडे दहा वर्षे काणाडोळा केला. मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने त्यावर बोट ठेवताच धावपळ उडाली. जुलै २०२२ मध्ये आयोगाचा अहवाल मान्य झाला. पण पुढच्याच महिन्यात सरकारने सभासदांची संख्या बदलली, तोही वाद न्यायालयात गेला, आणि 'जैसे थे'चा हुकूम सुटला.

हा प्रश्न मतदारांवरच सोपवावा, असे म्हणणे सोपे आहे. परंतु कोणत्या जागेवर कोणी उभे राहावे याचाच वाद असता मतदार कौल देणार तो कशावर? शिवाय लोकनियुक्त मंडळाचा भरवसा किती धरावा, हे महाडने पूर्वीच दाखविले आहे. तेथील नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे अस्पृश्यांस खुले केले आणि सत्याग्रहानंतर, १९२७ साली, तोच ठराव फिरविला. हक्क टिकला तो मुंबई उच्च न्यायालयात; तोही १९३७ साली!

खरी अडचण आहे ती येथे. पालिकेची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पुरी झाली पाहिजे, असे राज्यघटनाच सांगते. एका हक्काचा निकाल लांबला की मत देण्याचा दुसरा हक्क त्यापायी खर्ची पडतो. २०१९ पासून शहरास एक दिवसाआड पाणी मिळू लागले होते. पण त्याचा जाब विचारावा असा नगरसेवकच या काळात उरला नव्हता.

अखेर ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने मूळ वाद खुला ठेवून, २०२२ पूर्वीच्या आरक्षणाप्रमाणे चार महिन्यांत निवडणुका उरकण्याची आज्ञा केली. ही तोड तीन वर्षे आधी निघावयास हरकत नव्हती. पुढे मुदतही वाढवून घेण्यात आली, आणि चिंचवडचे मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी.