नवी कोरी जुनी बंदूक

लष्करी बंदुकांच्या ‘लिमिटेड एडिशन’ प्रतिकृती जमवाव्यात का, असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, लिमिटेड म्हणजे नक्की किती? विंचेस्टर कंपनीनं 1966 साली स्वतःच्या शताब्दीनिमित्त सोनेरी मुलाम्याच्या रायफली काढल्या. लष्करी नव्हेत, पण मासला बघा: लाखाच्या वर खपल्या. अशा स्मारक-बंदुकांना भाव हवा तर खोकं आणि कागदपत्रं शाबूत हवीत, आणि बार एकही उडालेला नको. रिव्हॉल्व्हरचा तर दंडगोल नुसता फिरवला तरी त्यावर बारीक रेघ उमटते आणि गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. हात न लावता बंदूक सांभाळायची, ही कसली हौस?

प्रतिकृतींचा धंदा फोफावला तो अमेरिकन यादवी युद्धाच्या शताब्दीत, 1961 ते 65 दरम्यान. लढाया वठवणाऱ्या हौशी मंडळींना बंदुका हव्या होत्या. वॅल फोर्गेट या अमेरिकन व्यापाऱ्यानं इटलीतल्या गार्दोने गावचे कारागीर गाठले. आल्दो उबेर्ती त्यांतलाच. एवढा इतिहास पुरे.

माझा जीव अडकलाय तो बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीनं 1970 च्या दशकात काढलेल्या 1853 च्या एनफिल्डच्या प्रतिकृतीत. ही ठासणीची रायफल बनवताना त्यांनी मूळ लष्करी गेज, म्हणजे मापं तपासायची साधनं, वापरली. नळी 39 इंची, आत तीन खाचा. त्या खाचा बुडाशी खोल आणि तोंडाकडे उथळ होत जातात, म्हणजे गोळी बाहेर पडेपर्यंत पकड सुटत नाही. नुसत्या देखाव्यासाठी इतकी उठाठेव कोण करेल? बर्मिंगहॅमला एका परिचितांकडे ती हातात घेतली. घोडा अर्ध्यावर ओढला की एक ‘खट्’, पूर्ण ओढला की दुसरा, जास्त ठसठशीत. वजन सव्वाचार किलोंच्या आसपास. खांद्याला लावून दोन मिनिटं धरली की हात भरून येतो.

आणि हीच ती 1857 ची रायफल! चरबीच्या काडतुसांची कुजबुज दमदमला सुरू झाली ती हिच्यामुळे. त्या परिचितांनी मला कागदाचं रिकामं काडतूसही दाखवलं. दातानं तोडायचं ते दारूकडचं टोक. वंगण असतं दुसऱ्या, गोळीच्या टोकाला. पण हाताळताना ते बोटांना लागणारच, आणि संशयाला तेवढं पुरतं. शाळेत शिकलेला तो धडा मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळला.

पुढे पार्कर-हेलचं हे काम इटलीला गेलं. नाव तेच राहिलं, म्हणून घेताना नळीवरचे शिक्के वाचा. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचा, म्हणजे नळ्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचा, शिक्का असेल तर जुनी, संग्राहक जिच्यासाठी जास्त मोजतात ती. इटालियन असेल तर चौकटीत वर्षाची खूण सापडेल: ‘एए’ म्हणजे 1975, ‘एबी’ म्हणजे 1976. इटालियन बंदुकाही वाईट नसतात, नेमबाज त्या आनंदानं वापरतात.

तेव्हा माझं मत असं: गुंतवणूक म्हणून या वाटेला जाऊ नका, कारागिरी आवडत असेल तर जरूर जा. मात्र भारतात मागवायचा विचार असेल तर पैसे भरण्याआधी पोलिसांच्या परवाना शाखेत विचारा. नाव प्रतिकृतीचं असलं तरी दारू ठासली की तिचा बार उडतो, आणि कोकणातल्या शेतकऱ्यालाही रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक बाळगायला परवाना लागतोच.