भजनी मंडळाची साउंड सिस्टीम कशी जोडावी?

पेटी, पखवाज, टाळ आणि दोन गायक एवढ्यांसाठी आठ चॅनेलचा मिक्सर आणि आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेले दोन स्पीकर पुरतात. जोडणी मात्र क्रमाने करावी.

माइकचा सिग्नल अगदी क्षीण, काही मिलिव्होल्टचा असतो. तो तीन पिनांच्या एक्सएलआर केबलने मिक्सरच्या माइक इनपुटमध्ये द्यावा. या केबलच्या दोन तारांमध्ये तोच सिग्नल एकमेकांच्या उलट वाहतो. वाटेत शिरलेली गुणगुण दोन्हींवर सारखीच बसते आणि मिक्सरमध्ये वजा होऊन जाते. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा सिग्नल जोरकस, म्हणून तो लाइन इनपुटमध्ये जातो. कंडेन्सर माइकला मिक्सरमधून ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागतो, साध्या डायनॅमिक माइकला नाही.

गायकाला खुल्या आवाजात गायला सांगून गेन लावावा. लाल दिवा लुकलुकला की थोडा मागे घ्यावा. मग मेन आउटमधून दोन्ही स्पीकरना केबल द्यावी.

स्पीकर नेहमी माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावेत. त्यांचा आवाज माइकमध्ये शिरला, तर तो फिरून फिरून वाढत जातो आणि कर्कश शिट्टी वाजते.

सुरू करताना आधी मिक्सर, शेवटी स्पीकर. बंद करताना आधी स्पीकर. नाहीतर ‘धप्प’ असा झटका स्पीकरच्या पडद्याला बसतो. वर्गणीतून घेतलेली सिस्टीम अशा सवयींनीच टिकते आणि अभंगाचा शब्द न् शब्द मंडपातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचतो.