भूकंप एक, हादरे निराळे

7 डिसेंबर 1988, सकाळचे 11 वाजून 41 मिनिटे. आर्मेनिया तेव्हा सोव्हिएत संघात होता. लेनिनाकान शहरात मुले वर्गात बसली होती, मोठी माणसे कामावर होती. भूकंप झाला आणि नऊनऊ मजली इमारती जागच्या जागी बसल्या. शेजारचे स्पिटाक तर जवळपास नकाशावरून पुसले गेले. किमान 25 हजार माणसे गेली, पाच लाखांच्या आसपास बेघर झाली आणि तीही ऐन हिवाळ्यात.

लेनिनाकानचे नाव आता ग्युमरी आहे. भूकंपानंतर तिथे मदतीला गेलेल्यांत अमेरिकेत राहणारे आर्मेनियन मानसोपचारतज्ज्ञ आर्मेन गोएन्जियन होते. पुढे त्यांच्या गटाने ग्युमरीतली 12 कुटुंबे निवडली. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत मिळून 200 माणसे. प्रश्न साधा होता. सगळ्यांनी एकच भूकंप सोसला, तरी एकाला वर्षानुवर्षे रात्री झोप नाही, ट्रक गेल्याची थरथर झाली तरी तो दाराकडे धावतो. दुसरा रडला, सावरला, कामाला लागला. हे का?

पहिल्या माणसाच्या अवस्थेला वैद्यक पीटीएसडी म्हणते, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा ताणविकार. त्याच्या जोडीला नैराश्य अनेकदा येते. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वय, स्त्री-पुरुष भेद आणि कोणी किती भीषण पाहिले याचा हिशेब वजा केल्यावर पीटीएसडीच्या लक्षणांतील माणसामाणसांमधल्या फरकापैकी 41 टक्के वाटा आनुवंशिक निघाला. नैराश्यात तो 66 टक्के, चिंतेत 61 टक्के.

असे आकडे वाचले की आपण लगेच घरातली माणसे मोजू लागतो. ‘आईला होते, म्हणजे मला 66 टक्के होणार’ असा अर्थ काढणे साफ चूक. हा आकडा एका माणसाच्या नशिबाचा नाही, माणसामाणसांतल्या फरकाचा आहे. एखाद्या तालुक्यात सगळीकडे सारखा पाऊस पडला, तर दोन शेतांच्या उताऱ्यातला फरक बराचसा बियाण्याचा ठरतो; पाऊस कुठे धो-धो, कुठे थेंब नाही, असे झाले की त्याच बियाण्याचा वाटा घटतो. इतरत्र जुळ्यांच्या अभ्यासांत नैराश्याची आनुवंशिकता 40 टक्क्यांच्या अलीकडेच निघते. ग्युमरीत ती एवढी चढली, कारण बहुधा तिथे आघात सगळ्यांना जवळपास सारखा बसला होता. अर्थात 12 कुटुंबांवरून साऱ्या मनुष्यजातीबद्दल बोलू नये.

भूकंप अशा अभ्यासाला सोयीचा, हे म्हणायला क्रूर वाटते, पण खरे आहे. तो माणसे निवडत नाही. युद्धाचे तसे नसते. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सैन्यात असलेल्या 4,042 अमेरिकन जुळ्या जोड्यांचा अभ्यास 1993 साली प्रसिद्ध झाला. त्यात पीटीएसडीच्या लक्षणांमागे जनुकांचा वाटा सुमारे एकतृतीयांशापर्यंत निघाला. पण त्याच जुळ्यांत हेही दिसले की प्रत्यक्ष चकमकीच्या तोंडी कोण जातो, यावरही जनुकांची छाया असते. काहींचा स्वभावच आगीत उडी घेण्याचा!

याच धर्तीच्या दुसऱ्या एका अभ्यासापाशी मी नेहमी थबकतो. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग असतो. आठवण कुठली, केव्हाची, हे नोंदवण्यात त्याचा मोठा वाटा. ‘हा आवाज त्या दिवसाचा, आजचा नाही’ हे समजते ते बरेचसे त्याच्यामुळे. पीटीएसडी झालेल्या सैनिकांत तो आकाराने लहान आढळे, तेव्हा आघाताने तो आक्रसला असे मानले जाई. 2002 साली मार्क गिल्बर्टसन आणि सहकाऱ्यांनी एकरूप जुळे तपासले. एक भाऊ युद्धावर गेलेला, दुसरा घरीच राहिलेला. ज्या सैनिकाचा आजार तीव्र, त्याच्या घरी राहिलेल्या भावाचाही हिप्पोकॅम्पस तितकाच लहान निघाला. म्हणजे तो जखमेचा व्रण नव्हता, आधीपासूनची ठेवण होती. पण घरी राहिलेल्या भावाला हा आजार नव्हता, हेही त्याच पानावर वाचायचे.

नेमके जनुक कोणते, या शोधाची कथा मात्र फजितीची आहे. 2003 मध्ये सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाच्या वाहतुकीशी निगडित एका जनुकाचा नैराश्याशी संबंध गाजला. पुढे मोठ्या पाहणीत तो टिकला नाही. ग्युमरीच्या कुटुंबांतही सेरोटोनिन तयार करणाऱ्या टीपीएच-1 आणि टीपीएच-2 या जनुकांकडे बोट दाखवले गेले, पण त्यांचा वाटा जेमतेम काही टक्के. हुकमी जनुक नाहीच. 2024 साली 12 लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून पीटीएसडीशी निगडित 95 जागा जनुकसंचात सापडल्या. प्रत्येकीचा प्रभाव चिमूटभर, आणि त्यांतल्या बऱ्याच नैराश्यातही सामाईक. त्या 12 लाखांत बहुसंख्य युरोपीय वंशाचे, उरलेले आफ्रिकी आणि अमेरिकेतल्या मूळनिवासी वंशाचे. आपण त्या हिशेबात नाही.

किल्लारीचा भूकंप आपल्याला आठवतो तो विसर्जनाच्या रात्रीनंतरचा, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा. माळवदाखाली दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. मागे राहिलेल्यांना आपण काय सांगतो? ‘मन घट्ट कर’, ‘इतरांनी नाही का सोसले?’ इतरांचे शरीर निराळे होते, हे या सगळ्या संशोधनाचे उत्तर आहे. आणि जनुके कशीही असोत, उपचार लागू पडतात. ग्युमरीतल्याच काही शाळांत किशोरवयीन मुलांना भूकंपानंतर दीड वर्षाने थोडक्या अवधीचे समुपदेशन दिले गेले. दीड वर्षाने पुन्हा पाहिले तर त्यांची लक्षणे उतरलेली, आणि उपचार न मिळालेल्यांची वाढलेली होती.

तेव्हा ‘तुमच्या मनाचा जनुकीय अहवाल’ विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. ते पैसे चांगल्या समुपदेशकाला द्या. आणि कोणाकडे जावे हेच सुचत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक फिरवा. तो निःशुल्क आहे, रात्रंदिवस चालू असतो, आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो.