बाटलीतली बचत आणि वहीतला हिशेब

डिझेलच्या टाकीत एक लहानशी बाटली रिकामी केली की गाडीचे 'ॲव्हरेज' वीस टक्क्यांनी वाढते, अशी ग्वाही देणाऱ्या द्रव्यांना आपल्याकडे गिऱ्हाइकांची वाण कधी पडलेली नाही. माणिकपूरसारख्या ठिकाणी ही ग्वाही विशेष गोड वाटावी, हे साहजिकच आहे. नवघर-माणिकपूर नगरपालिका २००९ मध्ये वसई-विरार महापालिकेत विलीन झाली. परिसराचे शहर झाले. वसईच्या वाड्यांतली भाजी, केळी व फुले आणि वालीव-गोखिवऱ्याच्या कारखान्यांतला माल वाहणारे पिकअप टेंपो येथील कितीतरी कुटुंबांची चूल पेटती ठेवतात. गाडीचा हप्ता ठरलेला असतो आणि भाडे वाढवून मागावे तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. उरतो तो डिझेलचा खर्च. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलच्या दरावरील सरकारी नियंत्रण उठले, तेव्हापासून त्याची झळ अधिकच थेट बसू लागली. अशा वेळी बाटलीवरील वीस टक्क्यांचा आकडा मोहात पाडतो. म्हणूनच तो तपासून पाहिला पाहिजे.

या दाव्यामागची कल्पना अशी, की इंजिनात बरेचसे डिझेल न जळताच वाया जाते आणि बाटलीतले द्रव्य ते जाळून दाखवते. वस्तुस्थिती निराळी आहे. सुस्थितीतील डिझेल इंजिनात शिरलेल्या इंधनापैकी सुमारे ९८ टक्के किंवा त्याहूनही अधिक इंधन जळतेच. जे जळायचे राहिलेलेच नाही, ते कोणतेही द्रव्य जाळणार कसे? नुकसान होते ते ज्वलनानंतर. इंधनातील ऊर्जेपैकी साधारण तीस ते चाळीस टक्केच चाके फिरवण्याच्या कामी येते. बाकीची उष्णता रेडिएटर व धुराड्यावाटे निघून जाते. ही उष्णता रोखणे टाकीत ओतलेल्या थेंबांच्या आवाक्याबाहेरचे आहे.

तथापि अशी सर्वच द्रव्ये निरुपयोगी आहेत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा प्रतीचे डिझेल विकले जाते. त्यात गंधकाचे प्रमाण दर दहा लाख भागांत १० भागांहून अधिक नसते आणि इंधन किती चटकन पेट घेते हे दाखवणारा सीटेन अंक किमान ५१ असावा लागतो. गंधक काढताना डिझेलचा नैसर्गिक वंगणगुण कमी होतो. तो भरून काढणारे द्रव्य तेल कंपन्याच मिसळतात. लडाखच्या थंडीत डिझेल गोठू नये म्हणून इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेल आणले. नोझलवर बसलेली काजळी धुणारी द्रव्येही आहेत. पण मळलेले नोझल धुतल्याने गाडी मूळ ॲव्हरेजकडे परतते; त्याच्या पलीकडे जात नाही. शिवाय नव्या गाड्यांत धूर गाळणारी जाळी असते. धातूचे अंश असलेल्या द्रव्याची राख त्या जाळीत साचते आणि बचतीच्या लोभाने दुरुस्तीचा मोठा खर्च ओढवतो.

आता हिशेब मांडू. समजा, डिझेल लीटरला ९० रुपये आहे, टाकीत ४० लीटर मावते आणि बाटली २०० रुपयांची आहे. टाकीची किंमत झाली ३,६०० रुपये. म्हणजे बाटलीचे पैसे नुसते वसूल व्हायलाच ॲव्हरेज साडेपाच टक्क्यांनी वाढले पाहिजे. लीटरला १४ किलोमीटर धावणारी गाडी पावणेपंधरा किलोमीटर धावली पाहिजे. प्रत्यक्षात एक टक्का फरक पडला, तर ३६ रुपये वाचतील आणि १६४ रुपये पदरचे जातील. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक साधने व द्रव्ये तपासली; थोडाफार लाभ दाखवणारी मोजकीच निघाली.

मग 'फरक पडला' असे चालक प्रामाणिकपणे का सांगतो? बाटलीला पैसे मोजलेला माणूस त्या दिवसापासून गाडी जरा जपून हाकतो. एके दिवशी घोडबंदरच्या खाडीपुलाजवळ तासभर कोंडी असते, दुसऱ्या दिवशी रस्ता मोकळा मिळतो. एके दिवशी टाकी काठोकाठ भरते, दुसऱ्या दिवशी पंप थोडा आधीच थांबतो. या साऱ्या चढउतारांचे श्रेय बाटलीला मिळते.

खरी बचत नीरस, पण फुकट आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी ६० किलोमीटरने गेल्यास तो जवळजवळ निम्मा होतो. टायरमधली हवा योग्य ठेवल्याने तीन टक्क्यांपर्यंत लाभ होऊ शकतो. उभ्या गाडीचे चालू इंजिन तासाला सुमारे अर्धा लीटर डिझेल पिते. काळा धूर दिसला तर एअर फिल्टर व नोझल मेस्त्रीकडून तपासून घ्यावे. १९७८ मध्ये स्थापन झालेली पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्था याच साध्या सवयींचा प्रचार करीत आली आहे.

प्रश्न केवळ चार पैशांचा नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दावा खोटा आहे हे दाखवायला मोजमाप हवे, आणि एकट्या टेंपोवाल्याला ते झेपणारे नाही. विद्यावर्धिनीचे अभियांत्रिकी महाविद्यालय वसईतच आहे. अशा संस्थांतील विद्यार्थ्यांनी दोन सारख्या गाड्या, ठरलेला भार, तोच रस्ता आणि वजन करून भरलेले डिझेल घ्यावे. कोणत्या गाडीत द्रव्य आहे हे चालकाला कळू देऊ नये, आणि आलेले आकडे नाक्यावरच्या फलकावर लावावेत. एवढे जरी घडले तरी पदवीसाठी होणाऱ्या कित्येक प्रकल्पांहून ते समाजाच्या अधिक उपयोगी पडेल. तोवर प्रत्येक चालकाने एक वही ठेवून भरलेले लीटर आणि धावलेले किलोमीटर रोज टिपावेत. दोन महिन्यांच्या नोंदी हाती असलेल्या माणसाला फसवणे विक्रेत्याला मुळीच सोपे जाणार नाही.