विशेष शाळा की शेजारची शाळा? सीमाभागातील पालकांचा खरा हिशेब

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे शाळेचे वय झाले की चिकोडी-निपाणी परिसरातील पालकांपुढे दोन वाटा उभ्या राहतात. एक वाट गावातल्या नेहमीच्या शाळेकडे जाते, दुसरी बेळगाव किंवा कोल्हापुरातील विशेष शाळेकडे. कागदोपत्री दोन्ही वाटा मोफत आहेत. तरीही दोन्हींवर घरचा पैसा जातो. तो कुठे आणि किती जातो, हे निर्णयापूर्वी समजून घेणे आवश्यक ठरते.

कायदा काय सांगतो

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३१ नुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलास शेजारच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा हक्क आहे आणि या दोहोंतील निवड त्याची आहे. शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी घरी शिक्षण घेण्याचा पर्यायही खुला केला. म्हणजे ‘तुमच्या मुलाची जागा विशेष शाळेतच’ असे सांगून सरकारी शाळा त्याला परत पाठवू शकत नाही.

समग्र शिक्षा योजनेत अशा मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. साहित्य, उपकरणे, प्रवास, सोबतीचा भत्ता असे सर्व त्यातच बसवायचे असते. मुलींना दरमहा २०० रुपयांप्रमाणे दहा महिन्यांचा भत्ताही याच रकमेतून मिळतो. सरकारी पाठबळाची ही रक्कम लक्षात ठेवून पुढील आकडे पाहावेत.

अंतराचा प्रश्न

चिकोडीहून बेळगाव पाऊणशे किलोमीटरच्या आसपास आहे. निपाणीहून कोल्हापूर मात्र सुमारे ४० किलोमीटरवर आहे. बेळगावात दृष्टिहीन मुलांसाठी माहेश्वरी अंध शाळा आहे, तर कोल्हापुरात शेंडा पार्कातील ‘चेतना’ ही बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठीची संस्था परिचित आहे. भाषेच्या दृष्टीने मराठी मुलाला कोल्हापूर जवळचे. परंतु मध्ये राज्याची सीमा येते.

या सीमेला पैशाची बाजू आहे. कर्नाटकातील ‘शक्ती’ योजनेमुळे जून २०२३ पासून राज्यातील महिलांना सामान्य बसमधून मोफत प्रवास करता येतो. त्यामुळे मुलासोबत बेळगावला जाणाऱ्या आईला तिकीट पडत नाही. आंतरराज्य गाड्यांना ही सवलत लागू नसल्याने कोल्हापूरला जाताना मात्र तिला भाडे भरावे लागते.

आईच्या दिवसाची किंमत

निपाणी परिसरातील अनेक स्त्रिया विड्या वळून घर चालवतात. ही मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. हात थांबला की कमाई थांबते. म्हणून आईचा गेलेला दिवस हा खर्चाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दिवसाची कमाई २०० रुपये आणि शाळेचे २०० दिवस धरू. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी किमान तेवढेच दिवस लागतात. मूल रोज निपाणीहून कोल्हापूरच्या विशेष शाळेत जात असेल, तर आईला परत येऊन पुन्हा जाणे परवडत नाही. तिचा पूर्ण दिवस जातो. बुडालेली मजुरी ४०,००० रुपये. दोघांच्या येण्याजाण्यास दिवसाला १२० रुपये धरल्यास आणखी २४,०००. एकूण ६४,००० रुपये.

आता गावातील शाळा पाहू. तेथे विशेष शिक्षक नसेल आणि आईने अर्धा दिवस वर्गात बसावे, अशी अपेक्षा असेल तर २०,००० रुपयांची मजुरी बुडते. विशेष शाळेत मिळणारी उपचारसत्रे येथे खासगीरीत्या घ्यावी लागली आणि आठवड्यातून दोन सत्रे प्रत्येकी ४०० रुपयांनी ५० आठवडे चालली, तर ४०,००० रुपये होतात. एकूण ६०,००० रुपये.

दोन्ही ‘मोफत’ पर्याय जवळपास सारखेच महाग ठरले. फरक पुढे आहे. कोल्हापूरचे अंतर कोणत्याही अर्जाने कमी होणार नाही; गावातील शाळेचा खर्च मात्र शाळेने आपले कर्तव्य बजावले तर मोठ्या प्रमाणात कमी होऊ शकतो. वसतिगृह असलेल्या विशेष शाळेत आईचा दिवस वाचतो. पण त्याची किंमत लहान मुलाने घरापासून दूर राहण्यात मोजावी लागते.

शाळेकडून काय मागावे

केंद्र सरकारच्या २०२२ च्या अधिसूचनेनुसार प्राथमिक स्तरावर दर १० आणि उच्च प्राथमिक स्तरावर दर १५ दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या निकालात विशेष शिक्षकांच्या भरतीचा आग्रह धरला आणि मार्च २०२५ मध्ये राज्यांना पदे अधिसूचित करण्यास सांगितले. चिकोडी हा स्वतंत्र शैक्षणिक जिल्हा आहे. तेथील गटसाधन केंद्रातील समावेशक शिक्षणाच्या साधन शिक्षकांकडे मुलाची नोंद करून शाळाभेटींचे वेळापत्रक लेखी मागता येते.

सीमाभागासाठी आणखी एक तरतूद महत्त्वाची आहे. २०१६ च्या कायद्याचे कलम १७ अभ्यासक्रमात बदल करताना दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट देण्याचा उल्लेख करते. मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांच्या ओझ्याखाली अडखळणाऱ्या मुलासाठी ही सूट मागितली पाहिजे.

उपचारांचा भार हलका करण्यासाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्यांना तीतून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. यासाठी प्रथम दिव्यांगत्व प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड काढावे. हे कार्ड देशभर ग्राह्य असले तरी प्रत्येक राज्याच्या सवलतींच्या अटी वेगळ्या असतात. सीमेपलीकडे प्रवेश घेण्यापूर्वी त्या संस्थेकडून लेखी खात्री करून घेणे हिताचे.

निवड कायमची नव्हे

१९९४ च्या सलामांका जाहीरनाम्याने समावेशक शाळांमुळे शिक्षणव्यवस्था अधिक किफायतशीर होते, असे म्हटले होते. ते व्यवस्थेच्या दृष्टीने खरे असू शकते. मात्र विशेष शिक्षक न नेमता साधलेली बचत प्रत्यक्षात आईच्या मजुरीतून वसूल होत असते. दुसरीकडे, नीट आधार दिल्यास एकत्र शिक्षण शक्य होते, हे नसीमा हुरजूक यांच्या ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ संस्थेच्या कोल्हापूरजवळील उचगावच्या शाळेत दिसते. तेथे शारीरिक अपंगत्व असलेली आणि नसलेली मुले एकाच वर्गात शिकतात.

ज्या मुलाला बोलणे, स्वतः जेवणे, शौचाचे भान यांसाठी सातत्याने प्रशिक्षण हवे, त्याला काही वर्षे विशेष शाळा अधिक उपयोगी पडू शकते. त्यानंतर गावातील शाळेत परतण्याचा मार्ग बंद होत नाही. म्हणून दरवर्षी मे महिन्यात पालकांनी एका कागदावर दोन रकाने आखावेत: बुडालेली मजुरी, प्रवास, उपचार, साहित्य एका बाजूला, मूल वर्षभरात काय नवे शिकले हे दुसऱ्या बाजूला. पहिला रकाना भरत गेला आणि दुसरा रिकामाच राहिला, तर शाळेकडे लेखी मागणी करण्याची किंवा वाट बदलण्याची वेळ आली, असे समजावे.